हरवलेल्या विजेचा माग

बीदर जिल्ह्याच्या मराठी मुलखातील ठाणाकुशनूरसारख्या गावातून एखादा बंद पडलेला लॅपटॉप दुरुस्तीसाठी निघाला, म्हणजे त्याचा प्रवास बहुधा मोटारीने उदगीरला किंवा बीदरला होतो, आणि तेथे इलाज झाला नाही तर हैदराबादपर्यंत लांबतो. बटण दाबावे तर दिवा लागत नाही, पंखा फिरत नाही, पडदा काळा तो काळाच राहतो. पुष्कळदा त्याच्या नशिबी एकाच वाक्याचे निदान येते : ‘बोर्ड गेला.’ नवा बोर्ड घालण्याचा खर्च ऐकून यंत्र घरी परत येते आणि कपाटाच्या वरच्या फळीवर जाऊन पडते. ज्या घरात मुलीचे महाविद्यालयीन शिक्षण किंवा मुलाची नोकरी त्याच एका यंत्रावर अवलंबून असते, त्या घराला या दोन शब्दांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

वस्तुतः ‘गेला’ हा शब्द निदान नव्हेच. निदान जेथे थांबले त्या जागेचे ते नाव आहे. लॅपटॉपच्या मुख्य बोर्डावर विजेचा एकच पुरवठा नसतो. भिंतीतून येणाऱ्या विजेचे अडॅप्टरमध्ये साधारणतः १९ किंवा २० व्होल्टांत रूपांतर होते, आणि त्या एका पुरवठ्यातून बोर्ड स्वतःच आपल्या गरजेचे अनेक लहान पुरवठे तयार करतो : ५ व्होल्टांचा, ३.३ व्होल्टांचा, १.८ व्होल्टांचा, स्मृतीसाठी एक, प्रोसेसरसाठी एक. यांतील प्रत्येकाला कारागीर ‘रेल’ म्हणतात. यांपैकी एक जरी रेल हरवली तरी बाकीचा सारा बोर्ड धडधाकट असूनही मेल्यासारखा पडून राहतो. ती हरवलेली रेल कोणती, आणि ती का हरवली, एवढाच काय तो प्रश्न असतो. हा प्रश्न सोडविण्याची रीत मात्र संगणकाच्या युगात जन्मलेली नाही. ती पाऊणदोनशे वर्षांची जुनी आहे, आणि तिचा पहिला धडा समुद्राच्या तळाशी गिरविला गेला.

१८५८ च्या ऑगस्टात आयर्लंडमधील व्हॅलेन्शिया बेटापासून न्यूफाउंडलंडपर्यंत अटलांटिक महासागराच्या तळातून तारायंत्राची केबल टाकण्यात आली. राणी व्हिक्टोरियाचा अमेरिकेच्या अध्यक्षांना पाठविलेला ९८ शब्दांचा संदेश या केबलमधून जावयास सुमारे १६ तास लागले. तरीही दोन्ही खंडांत दिवाळी झाली. केबल मुळातच सदोष होती. तारेभोवतालचे गटापर्चाचे वेष्टण कोठे पातळ, कोठे विरलेले होते. संदेश क्षीण येऊ लागले तेव्हा कंपनीचा विद्युत्तज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस याने, जो पेशाने शस्त्रवैद्य होता, मोठमोठी प्रवर्तन वेटोळी लावून सुमारे २००० व्होल्टांचा दाब त्या केबलमध्ये घातला. अशक्त रोग्याला जोराचा धक्का दिला म्हणजे तो उठून बसेल, अशातली ही समजूत होती. जेथे वेष्टण दुबळे होते तेथे ते फुटले, आणि तीन-चार आठवड्यांतच केबल कायमची मुकी झाली.

त्याच कामावर विल्यम टॉमसन हा ग्लासगोचा प्राध्यापक होता, जो पुढे लॉर्ड केल्विन या नावाने विख्यात झाला. त्याची वृत्ती नेमकी उलट. त्याने आरशाचे गॅल्व्हॅनोमीटर बनविले होते. सूक्ष्मातिसूक्ष्म प्रवाहानेही त्यातील चिमुकला आरसा हालतो आणि भिंतीवरील प्रकाशाचा ठिपका सरकतो. अधिक वीज घालण्याऐवजी आहे तीच वीज अधिक बारकाईने पाहावी, हा त्याचा मार्ग. केबल मरण पावल्यावरही किनाऱ्यावर बसूनच तिचा रोध मोजण्यात आला आणि दोष दोनशेहून अधिक मैलांवर असावा असा अंदाज बांधता आला. जी वस्तू डोळ्यांना दिसत नाही आणि जेथे हात पोचत नाही, तिच्यातील दोषाची जागा केवळ मोजमापाने सांगता येते, ही गोष्ट तेव्हा नवी होती. व्हाइटहाउसला नंतर कंपनीने दूर केले, तथापि त्याचे अनुयायी आजही दुरुस्तीच्या टेबलांवर भेटतात. त्यांची गाठ पुढे पडेलच.

हिंदुस्थानात तारायंत्राचा पाया विल्यम ओशॉनेसी या कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील रसायनाच्या प्राध्यापकाने घातला. १८३९ साली त्याने २१ मैल तारेवर प्रयोग केले, आणि १८५१ साली कलकत्ता ते डायमंड हार्बर ही तारेची पहिली ओळ उभी राहिली. १८७० साली ‘ग्रेट ईस्टर्न’ या प्रचंड जहाजाने मुंबई ते एडन अशी केबल समुद्रात सोडली आणि मुंबई लंडनला जोडली गेली. पुढच्याच वर्षी, १८७१ मध्ये, मुंबईहून सोलापूर, कलबुर्गीमार्गे आलेली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे रायचूरला मद्रास रेल्वेस मिळाली. रुळांच्या कडेने तारेचे खांब असत, आणि आगगाडीची वाहतूक त्या तारांच्या भरवशावर चाले. पावसाळ्यात तार ओल्या झाडाला टेकली, खांब कलला, चिनी मातीचा विसंवाहक फुटला की वीज जमिनीत उतरे आणि पुढचे ठाणे मुके होई. साऱ्या मार्गावर माणूस धाडून तार तपासावी तर दिवस जावयाचे. म्हणून तारमास्तरांनी दुसरी युक्ती अवलंबिली. बिघडलेली तार पलीकडच्या ठाण्यावर शेजारच्या चांगल्या तारेला जोडावयाची, म्हणजे एक मोठा फेरा तयार होतो. मग या टोकाशी व्हीट्स्टनच्या सेतूने दोन्ही बाजूंच्या रोधांचे प्रमाण काढावयाचे. त्या प्रमाणावरून दोष किती मैलांवर आहे ते निघते. मरे याच्या नावाने ओळखली जाणारी ही चाचणी भूमिगत केबलींसाठी आजही वापरली जाते. तिच्यातील मर्म ध्यानात ठेवण्याजोगे आहे : बिघडलेल्या वस्तूचे खरे माप शेजारची चांगली वस्तूच देते.

तारायंत्रात पुरवठा एकच असे. एका यंत्रात अनेक पुरवठे लागू लागले ते रेडिओच्या काळात. निर्वात नलिकेच्या, म्हणजेच व्हॉल्व्हच्या, रेडिओला तीन तऱ्हेची वीज लागे. तंतू तापविण्यासाठी ‘ए’ बॅटरी, जिचा दाब अगदी थोडा. पत्रीसाठी ‘बी’ बॅटरी, जिचा दाब ९० व्होल्ट किंवा त्याहून अधिक. आणि जाळीसाठी ‘सी’ बॅटरी. घरात वीज नसलेल्या खेड्यांत हेच रेडिओ चालत. हैदराबादचे दख्खन रेडिओ हे केंद्र निजाम सरकारने १९३५ साली आपल्याकडे घेतले, आणि बीदर, गुलबर्गा, उस्मानाबाद या भागांतील वाड्यांवर व चावड्यांवर जो काही आवाज पोचे तो अशाच संचांतून. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाने शस्त्रसंधीची घोषणा केली तीही याच केंद्रावरून. त्या आठवड्यात ज्या गावातील संचाची बी बॅटरी संपलेली असेल, त्या गावाला ती बातमी बैलगाडीच्या वेगाने कळली असणार. १९५० साली हे केंद्र आकाशवाणीत विलीन झाले, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी बीदर जिल्ह्याचेही तुकडे होऊन उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके एका राज्यात, तर बीदर, भालकी, हुमनाबाद आणि औरादचा मुलूख दुसऱ्या राज्यात गेला. त्याच १९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने १५० खेड्यांत शेतकऱ्यांची श्रवणमंडळे चालविली. तेथेही चर्चेला बसलेल्या मंडळींचे सारे भवितव्य संच चालू राहण्यावर होते.

अशा रेडिओत बिघाड झाला म्हणजे जाणता कारागीर प्रथम काय पाही? व्हॉल्व्हच्या आत तांबूस उजेड दिसतो की नाही. उजेड आहे पण आवाज नाही, याचा अर्थ ए बॅटरी जिवंत आहे, बी बॅटरीचा पुरवठा बेपत्ता आहे. हरवलेल्या रेलचे हे आद्य निदान होय. ते उघड्या डोळ्यांनी होत असे. मजेची गोष्ट अशी की त्या बी बॅटरीच्या धन अग्राचे ‘बी-प्लस’ हे नाव अजून मेलेले नाही. काही कंपन्यांच्या लॅपटॉप बोर्डांच्या आराखड्यांत अडॅप्टरकडून आलेल्या मुख्य रेलवर हेच नाव छापलेले असते, आणि दुरुस्तीच्या दुकानातील पोरसवदा कारागीरही ‘बी-प्लस येतंय का बघ’ असे सहज बोलून जातो. त्या ‘बी’ने कधीकाळी रेडिओच्या पेटीत वजनदार बॅटरी ठेवावी लागे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

मोजण्याचे साधनही याच काळात हातात मावेल असे झाले. ब्रिटिश टपाल खात्यातील डोनाल्ड मॅकेडी हा अभियंता प्रवाहासाठी एक, दाबासाठी दुसरे आणि रोधासाठी तिसरे यंत्र वाहून कंटाळला, आणि त्याने तिन्ही एका पेटीत बसविली. अँपिअर, व्होल्ट, ओहम यांच्या आद्याक्षरांवरून ‘ॲव्हो’ हे नाव पडलेले ते मीटर १९२३ साली बाजारात आले. सिंधमधून आलेल्या मोटवाने घराण्याने, ज्यांच्या ‘शिकागो रेडिओ’ ध्वनिक्षेपकांनी काँग्रेसच्या सभा गाजविल्या, नाशिकला मल्टिमीटर बनविले, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून कित्येक पिढ्यांनी त्या काट्याच्या मीटरवर हात बसविला.

पुढे ट्रान्झिस्टर आला आणि काही काळ वाटले की पुरवठ्यांची ही बजबजपुरी संपली. १९६० नंतरच्या दशकात तर्कपरिपथांच्या चिपांनी ५ व्होल्ट हा एकच दाब रूढ केला. १९८१ साली आय. बी. एम. कंपनीचा ‘पर्सनल कॉम्प्युटर’ निघाला त्यात प्रमुख काम ५ आणि १२ व्होल्टांवरच भागे. परंतु १९७४ सालीच त्याच कंपनीतील रॉबर्ट डेनार्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले होते की ट्रान्झिस्टर जसजसा लहान करावा तसतसा त्याचा दाबही त्याच प्रमाणात उतरवावा लागतो. हिशेब खरा ठरला. १९९३ चा पहिला पेंटियम ५ व्होल्टांवर चाले, १९९४ चे त्याचे भाऊबंद ३.३ वर आले, आणि १९९७ च्या पेंटियमच्या गाभ्याला २.८ व्होल्ट व बाहेरच्या अंगाला ३.३ असे दोन वेगळे पुरवठे द्यावे लागले. आजच्या प्रोसेसरचा गाभा सुमारे एका व्होल्टावर, पण दहा-दहा अँपिअरांच्या पटीत प्रवाह खात चालतो. अशा रीतीने ए, बी, सी यांची जागा डझनभर रेलांनी घेतली.

एवढ्या रेला एकदम सोडून चालत नाही. त्यांना क्रम असतो, आणि निदानाचे सारे रहस्य त्या क्रमात आहे. हे समजण्यास एक मोठे उदाहरण सोयीचे पडेल. ३० जुलै २०१२ च्या पहाटे उत्तर हिंदुस्थानचे वीजजाळे कोसळले आणि ३१ तारखेला दुपारी उत्तर, पूर्व व ईशान्य अशी तिन्ही जाळी बसली; सुमारे ६० कोटी लोकांच्या मुलखात अंधार झाला. दक्षिणेचे जाळे तेव्हा उर्वरित देशाशी केवळ एकदिश प्रवाहाच्या दुव्यांनी जोडलेले असल्याने बचावले. रायचूर ते सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टांची वाहिनी सुरू होऊन ते देशाशी एकलय झाले ते ३१ डिसेंबर २०१३ रोजी. कोसळलेले जाळे उठवावयाचे कसे? कोळशाच्या मोठ्या वीजकेंद्राला स्वतः सुरू होण्यासाठीच वीज लागते, कारण पंप, पंखे आणि दळणयंत्रे चालल्याशिवाय भट्टी पेटत नाही. म्हणून थोडक्या विजेवर उठू शकणारी जलविद्युत् केंद्रे आधी जागी करतात, त्यांच्या विजेवर मोठी केंद्रे उठवितात, आणि प्रत्येक टप्पा स्थिर झाल्यावरच पुढचा भार जोडतात.

लॅपटॉपचा बोर्ड रोज सकाळी हेच करतो, फक्त डोळ्याचे पाते लवण्याच्या अवधीत. अडॅप्टर जोडताच मुख्य रेल भरते. तिच्यातून बटण दाबण्याच्या आधीच ३.३ व्होल्टांचा, आणि पुष्कळ यंत्रांत ५ व्होल्टांचाही, सदाजागृत पुरवठा तयार होतो. त्याच्यावर एक लहानसा नियंत्रक जागा असतो. त्याला बाजारात ‘आय. ओ. चिप’ म्हणतात. बटण दाबल्याची खबर त्याला लागते. तो मुख्य चिपसेटला कळवितो. मग स्मृतीची रेल उठते, नंतर मधल्या रेला, आणि सर्वांत शेवटी प्रोसेसरच्या गाभ्याची. प्रत्येक रेल स्थिर झाली की ‘पुरवठा ठीक’ असा एक संकेत पुढे जातो. हा संकेत १९८१ च्या आय. बी. एम. यंत्रातही होता, आता तो एकाऐवजी अनेकांच्या साखळीत आला आहे. साखळीत एक कडी उठली नाही तर पुढची कोणतीच उठत नाही. प्रोसेसरच्या गाभ्याला वीज नाही म्हणून प्रोसेसर बिघडला असे ठरविणे म्हणजे शेवटच्या गावात पाणी आले नाही म्हणून त्या गावचा नळ फोडण्यासारखे आहे.

म्हणून चांगला कारागीर उगमाकडून खाली येतो. प्रवाह दाखविणाऱ्या टेबलावरील पुरवठायंत्रातून, प्रवाहाला मर्यादा घालून, तो बोर्डाला वीज देतो आणि काट्याकडे वैद्य नाडीकडे पाहतो तसा पाहतो. प्रवाह शून्य असेल तर दोष प्रवेशद्वाराशीच. काही मिलिअँपिअरांवर थांबून राहिला, तर सदाजागृत पुरवठा असण्याचा संभव आहे, पुढचा हुकूम सुटत नाही. जोडताक्षणी प्रवाह मर्यादेला भिडला, तर कोठेतरी वीज सरळ जमिनीत उतरत आहे. मग तो प्रत्येक रेलच्या कॉइलवर मीटर टेकवितो, कारण या रेला ज्या पद्धतीने बनतात तीत वीज कॉइलमधूनच बाहेर पडते. वरचा मॉस्फेट सेकंदाला लाखो वेळा उघडझाप करून १९ व्होल्टांचे तुकडे पाडतो, आणि कॉइल व कपॅसिटर मिळून त्या तुकड्यांचा सपाट दाब करतात.

एखादी रेल शून्य आढळली म्हणजे खरा प्रश्न उभा राहतो. तिला ‘ऊठ’ असा हुकूमच मिळाला नाही, की हुकूम मिळूनही ती उठू शकली नाही? हे दोन अगदी भिन्न आजार आहेत. पहिल्यात रेल बनविणाऱ्या चिपच्या हुकुमाच्या पायावर दाब नसतो, आणि शोध मागच्या कडीकडे वळवावा लागतो. दुसऱ्यात हुकूम हजर असतो. मग वीज व बॅटरी काढून रेल आणि जमीन यांच्यामधील रोध मोजावयाचा. तो शून्याजवळ आला तर पुष्कळदा अपराधी निघतो तो तांदळाच्या कणीहूनही लहान असा चिनी मातीचा कपॅसिटर. बोर्ड वाकला किंवा आपटला की त्याच्या आतील अतिशय पातळ थरांना तडा जातो, धातूचे थर एकमेकांस टेकतात, आणि काही पैशांची ही वस्तू हजारो रुपयांचे यंत्र निजवून ठेवते. मात्र येथे एक सापळा आहे. प्रोसेसरच्या गाभ्याच्या रेलचा रोध निरोगी अवस्थेतही फार थोडा, कधी कधी एका ओहमच्याही आत असतो. नवशिका त्याला ‘शॉर्ट’ समजून प्रोसेसरवर संशय घेतो आणि चांगला बोर्ड बाद ठरवितो.

त्या एकाच रेलवर असे पन्नास कपॅसिटर असतात. त्यांतील दोषी कोणता हे ओळखण्यासाठी रेलमध्ये बाहेरून वीज घालतात. जेथून ती जमिनीत उतरते तो भाग तापतो. त्यावर राळेच्या धुराचा पांढरा थर आधी दिलेला असला तर तेथला थर वितळून नाहीसा होतो, स्पिरिटचा थेंब टाकला तर तो तेथे आधी उडतो, आणि उष्णता दाखविणारा कॅमेरा असेल तर मग विचारावयासच नको. परंतु घालावयाचा दाब रेलच्या स्वतःच्या दाबाहून अधिक असता कामा नये. एका व्होल्टाच्या रेलमध्ये अधीरपणे पाच व्होल्ट घातले तर जळतो तो कपॅसिटर नव्हे, प्रोसेसर. १८५८ चा व्हाइटहाउस येथे पुन्हा भेटतो. केव्हा तर त्याची गरजही लागत नाही : वरचा मॉस्फेट आतून जुळून गेला असेल तर मुख्य रेलचे १९ व्होल्ट सरळ खालच्या रेलवर उतरतात. म्हणून अनुभवी माणूस बोर्डाला वीज दाखविण्यापूर्वीच मॉस्फेट तपासतो. या एका सवयीने किती प्रोसेसर वाचत असतील!

या सर्व शोधाला नकाशा लागतो. कोणती कॉइल कोणत्या रेलची, हुकुमाचा पाय कोणता, मागची कडी कोठे, हे आराखड्याशिवाय कळत नाही. १९८१ च्या त्या आय. बी. एम. संगणकाच्या तांत्रिक पुस्तिकेत संपूर्ण परिपथ छापलेला होता. रेडिओच्या काळात तर ही रीतच होती. लॅपटॉपच्या काळात बहुतेक कंपन्यांनी आराखडा हे व्यापारी गुपित मानले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काय किंवा सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये काय, कारागिरांचे काम हातोहात फिरणाऱ्या नकलांवर चालत आले आहे. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्यासाठी संकेतस्थळ उघडले. शेतीची अवजारे, मोबाइल व टॅबलेट, टिकाऊ गृहोपयोगी वस्तू आणि मोटारी ही चार क्षेत्रे तिने प्रथम घेतली.

जेथे आराखडा मिळत नाही तेथे कारागीर तारमास्तरांच्या मार्गाने जातो. त्याच जातीचा एक चालू बोर्ड तो शेजारी ठेवतो, दोहोंच्या प्रत्येक कॉइलवर जमिनीपासूनचा रोध मोजतो आणि दोन रकाने आखून आकडे वहीत उतरवितो. ज्या ओळीत दोन आकडे जुळत नाहीत, तेथून तो कामाला लागतो.